विंचू नक्की कशाने उतरला?

जांभ्याची वाट (धागाकर्ती)
१९ मे, रात्री ९.४०

गेला आठवडाभर आम्ही पोलादपूरजवळ आजोळी होतो. बुधवारी तिन्हीसांजेला माझा भाचा (वय ९) पडवीतल्या लाकूडफाट्यामागे गेलेला चेंडू काढायला वाकला आणि किंकाळी फोडून बाहेर आला. उजव्या हाताचं बोट घट्ट धरलेलं. मामाने वरचं फळकुट उचललं तर खाली लाल विंचू, नांगी वर करून.

आधी नुसता ठणका होता. अर्ध्या तासात दोन उलट्या झाल्या, तोंडाला लाळ सुटली, सदरा घामाने निथळायला लागला, आणि हातपाय मात्र गारढोण. मे महिन्याच्या उकाड्यात! आजीने वाडीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना बोलावणं धाडलं. ते विंचू उतरवतात. त्यांनी खांद्यापासून बोटापर्यंत कडुनिंबाची डहाळी फिरवत काहीतरी पुटपुटलं. पाच-सात मिनिटं. तेवढ्यात मामा शेजारची जीप घेऊन आला आणि आम्ही सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नाडी, ब्लडप्रेशर, छाती तपासली, एक इवलीशी गोळी दिली, "आडवाच ठेवा, उठवून बसवू नका" असं बजावलं आणि विंचवावरची लस, म्हणजे विषावरचा उतारा, शिरेतून दिली. तीन तासांनी पुन्हा गोळी. पहाटे त्याचे तळवे कोमट लागले, तेव्हा बहीण पहिल्यांदा रडली.

घरी आल्यावर आजीने त्या गृहस्थांना नारळ दिला. तिचं म्हणणं, मंत्र सात वाजता घातला आणि सकाळी पोर बिस्किटं खात होतं, मग अजून काय पुरावा हवा? गोळी तर तांदळाएवढी.

मी आजीशी वाद घातला नाही, पण मुंबईला परतताना एसटीत तोच विचार चालू होता. दोन्ही उपाय झाले. मग कशाने उतरला, हे मी कशावरून म्हणते? आणि ती गोळी चालते हे डॉक्टरांना तरी कोणी, कसं शोधून दिलं? मंत्राची टर उडवायला धागा काढलेला नाही. खरंच समजून घ्यायचंय.

---

गवताची गंजी
१९ मे, रात्री ९.५२

बाकी सगळं नंतर. भाचा कसा आहे आता?

---

जांभ्याची वाट
१९ मे, रात्री ९.५५

ठणठणीत. बोटाला अजून मुंग्या येतात म्हणतो. शाळा सुरू झाली की सगळ्यांना गोष्ट सांगणार आहे, त्याची तालीम घरी चालू आहे.

---

सहाण
१९ मे, रात्री १०.२०

आमच्याकडे चिंचोका. सहाणेवर थोड्या पाण्यात घासायचा, पांढरा भाग दिसला की डंखावर ठेवायचा. चिकटतो. विष ओढून झालं की आपोआप गळून पडतो. माझ्या सासूबाईंनी निदान पन्नास जणांना तरी लावला असेल, एकही दगावला नाही. प्रत्येक गोष्टीला परदेशी शिक्का कशाला हवा?

---

रात्रपाळी
१९ मे, रात्री ११.४५

मी डॉक्टर आहे, रायगडात काही वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली आहेत. सहाणताई, या गोष्टीवर परदेशी शिक्का नाहीच. ही गोळी विंचवावर चालते हे शोधलं महाडमध्ये.

डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. मूळचे जालना जिल्ह्यातले. त्या काळी कोकणात लाल विंचवाने तरणीताठी माणसं आणि लहान मुलं मरत होती. पाठ्यपुस्तकात यावर फारसं काहीच नव्हतं. जे उपाय चालू होते (झोपेची आणि वेदनेची औषधं एकत्र करून द्यायची, अॅट्रोपिन, स्टेरॉइड), त्यातले काही तर रुग्णाला उलट तोट्याचे होते. त्यांनी केलं काय, तर रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले. कधी घाम फुटला, कधी हातपाय गार पडले, ब्लडप्रेशर किती वर गेलं, कितव्या तासाला खाली आलं, छातीत पाणी कधी झालं, सगळं टिपून ठेवलं. त्यातून १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं टिपण आलं की हे मरण हृदयाचं आहे, आणि त्याची चाहूल आधी लागते.

आता विष काय करतं ते. आपल्या मज्जातंतूंवर सोडियमची दारं असतात. संदेश गेला की ती मिटतात. विंचवाचं विष त्यांना मिटूच देत नाही. तंतू सतत पेटलेले राहतात आणि अंगात अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार. हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांत रक्त रेटत राहावं लागतं. शेवटी ते थकतं, फुप्फुसात पाणी भरतं, तोंडाला गुलाबी फेस येतो. तिथून रुग्ण परत आणणं फार अवघड.

प्राझोसिन ही ब्लडप्रेशरची जुनी, स्वस्त गोळी. ज्या कुलपात ती द्रव्यं किल्लीसारखी शिरून वाहिन्या आवळतात, ते कुलूपच ती अडवते. विंचवाने केलेल्या उलथापालथीवर नेमका उतारा. बावस्करांचा यावरचा लेख १९८६ साली पुन्हा लॅन्सेटमध्येच आला. त्याआधी गंभीर अवस्थेत पोचलेल्या शंभरातले पंचवीस-तीस, कुठे चाळीससुद्धा जात. नंतर हे प्रमाण एक-दोनवर आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात बरोबरीने आहेत, हेही सांगायला हवं. पुष्कळदा राहून जातं.

भाच्याला आडवं ठेवायला सांगितलं, कारण या गोळीने पहिल्या मात्रेला ब्लडप्रेशर एकदम उतरू शकतं. उठून बसला तर चक्कर येऊन पडेल. म्हणूनच घरी कुणी स्वतःच्या मनाने ही गोळी द्यायची नाही.

---

इचू नाही पाहिला
२० मे, सकाळी ७.१०

डॉक्टरसाहेब, एक नंबर लिवलं. आमच्या वऱ्हाडात काळी मोठ्ठी इंगळी असते, तिलेच सारे भेतात. लाल इचवाले कोनी मोजत नाही. तं मंग हे उलटंच झालं का?

---

नांगीधर
२० मे, सकाळी ८.३०

हो, उलटंच आहे. मी प्राणिशास्त्र शिकवतो. इंगळी दिसायला राक्षसासारखी, पुढचे आकडे (चिमटे) जाडजूड. ती भक्ष्य आकड्यांनी चिरडते, विषावर तिचं फारसं अडत नाही. लाल विंचवाचे आकडे बारीक, म्हणून त्याची सगळी मदार विषावर. ठोकळ नियम आहे, दर वेळी लागू होईलच असं नाही, पण इंगळीचा डंख बहुतेकदा ठणक्यावर निभावतो. आपण आकार बघून घाबरतो.

अवांतर १: याच आपल्या लाल विंचवाच्या विषातून १९९० साली इबेरियोटॉक्सिन नावाचं द्रव्य वेगळं केलं गेलं. स्नायू आणि चेतापेशींवर पोटॅशियमचा एक खास मार्ग असतो, तेवढाच ते बंद करतं, शेजारच्याला धक्का लावत नाही. त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळा ते विकत घेऊन वापरतात. कोकणातल्या गडग्याखालचा जीव आणि रक्तवाहिन्यांवरचं मूलभूत संशोधन यांची अशी गाठ पडलेली आहे.

अवांतर २: विंचवाची पिल्लं आईला खातात ही समजूत खोटी. बिऱ्हाड पाठीवर असतं हे मात्र खरं, पहिली कात टाकेपर्यंत पिल्लं आईच्या पाठीवरच राहतात.

---

काटेकोर
२० मे, सकाळी १०.०५

मूळ प्रश्न बाजूला पडतोय. धागाकर्तीने विचारलंय, कशावरून म्हणायचं?

रात्रपाळी यांची माहिती उत्तम, पण 'आधी तीस जात, नंतर एक' हा पुरावा कच्चा आहे. १९७६ ते १९८६ मध्ये रस्ते झाले, जीप आल्या, लोक लवकर पोचायला लागले. मृत्यू त्यामुळेही कमी होतील. एका गटाला औषध आणि एका गटाला नाही, आणि कोणाला काय द्यायचं हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं, असं झालं असेल तरच मी मानेन. नाहीतर आजीचा मंत्र आणि डॉक्टरांची गोळी एकाच तागडीत.

---

रात्रपाळी
२० मे, दुपारी २.३०

काटेकोर, तत्त्व मान्य. पण १९८४ साली गुलाबी फेस येणारं पोर समोर आहे, हातात असं औषध आहे ज्याचं काम शरीरात नेमकं कुठे चालतं हे ठाऊक आहे. अशा वेळी चिठ्ठी टाकून अर्ध्या मुलांना नुसतं पाणी द्यायचं? मी देऊ शकलो नसतो.

आणि दोन्ही एका तागडीत नाहीत. गोळी दिल्यावर ब्लडप्रेशर कितव्या तासाला किती उतरलं, हात कधी कोमट झाले, हे प्रत्येक रुग्णागणिक लिहिलेलं होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी दुसऱ्या गावात तेच करून पाहिलं, तिथेही तसंच दिसलं.

चिठ्ठी टाकून केलेला अभ्यासही झाला, फक्त प्रश्न पुढचा होता. प्राझोसिन सगळ्यांनाच, आणि त्यावर लस द्यायची की नाही? महाडमध्येच, सत्तर रुग्ण, २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. लस आणि गोळी मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे, नुसत्या गोळीवर ३५ पैकी ८. सरासरी वेळ आठ तास विरुद्ध जवळजवळ अठरा. पुदुच्चेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेतही नंतर मुलांवर अशीच तुलना झाली आणि कौल तोच आला.

---

काटेकोर
२० मे, दुपारी ४.१५

आकडे पटले. पण २०११ च्या अभ्यासात कोणाला लस मिळाली हे डॉक्टरांना दिसत होतं, झाकलेलं नव्हतं. 'पूर्ण बरा' कधी म्हणायचं यात नजरेचा कल येऊ शकतो.

आणि दुसरी बाजूही ठेवतो. १९९९ साली लॅन्सेटमध्येच ट्युनिशियाचा अभ्यास आला होता. ८२५ रुग्ण, अर्ध्यांना लस, अर्ध्यांना दिसायला तसंच पण निव्वळ बिनऔषधी इंजेक्शन, पूर्णपणे झाकून. फरक पडला नाही. आता बोला.

---

रात्रपाळी
२० मे, रात्री १२.२०

बोलतो, कारण हा माझा आवडता मुद्दा आहे!

ट्युनिशियात डंख झालेला प्रत्येक जण घेतला होता, लक्षणं असोत-नसोत. त्यात बहुतेकांना नुसता ठणका असणार. जे आपोआप बरेच होणार, त्यांना लस दिली काय आणि न दिली काय, फरक दिसणार कुठून? महाडच्या अभ्यासात घाम, गार हातपाय अशी विष अंगभर भिनल्याची लक्षणं असलेलेच घेतले. शिवाय विंचू वेगळा, लस वेगळी. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. सरसकट सगळ्यांना लस टोचू नका, आणि हातपाय गार पडलेल्याला वेळ न घालवता द्या.

---

काटेकोर
२१ मे, सकाळी ६.५०

हे उत्तर चांगलं आहे. थांबतो.

---

निवडुंग
२१ मे, सकाळी ८.००

फिनिक्सहून. इथे अॅरिझोनात बार्क स्कॉर्पियन. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या तेलुगू कुटुंबातल्या बाळाला डसला. इथली लक्षणं वेगळी, डोळे गरगर फिरतात, हातपाय झटके मारतात. २००९ साली इथे लहान मुलांवर एक अभ्यास झाला. फक्त पंधरा मुलं. लस मिळालेली आठच्या आठ चार तासांत सावरली, दुसऱ्या गटातल्या सातांपैकी एकच. काटेकोर, हा झाकलेला होता. आकडा लहान, पण फरक एवढा ढळढळीत असला की पंधराही पुरतात. ती लस मेक्सिकोत बनते आणि इथे तिचं बिल हजारो डॉलरचं येतं. त्यापुढे महाडची गोळी मला फार मोठी वाटते.

एक गंमत सांगते. इथल्या वाळवंटात एक उंदीर हे विंचू चावून खातो, डंख बसला तरी दोन क्षण तोंड पुसतो आणि पुन्हा खायला लागतो. २०१३ साली 'सायन्स'मध्ये त्याचं कारण आलं. त्याच्या वेदना वाहून नेणाऱ्या सोडियमच्या एका दाराची जनुकीय घडण जराशी बदलली आहे. विष तिथे चिकटतं आणि ते दार उघडण्याऐवजी बंदच करतं. म्हणजे त्याच्यासाठी विष हेच वेदनाशामक.

---

गवताची गंजी
२१ मे, सकाळी ८.१५

पुढच्या जन्मी तो उंदीर होण्यासाठी अर्ज कुठे करायचा? मला आजवर तीनदा डसलाय!

---

पाटाचं पाणी
२१ मे, रात्री १०.३०

दोन दिवस धागा वाचतोय, लिहू की नको चाललं होतं. माझे आजोबा विंचू उतरवायचे. संगमेश्वर तालुक्यात. पैसे कधी घेतले नाहीत, घेतले तर विद्या जाते असं मानायचे. रात्री-अपरात्री कोणी आलं तरी उठायचे.

ते गेल्यावर आईने एक गोष्ट सांगितली. आजोबा मंत्राला बसण्याआधी रुग्णाच्या तळपायाला हात लावायचे. पाय गरम असले तर बसायचे. गार आणि ओले असले तर म्हणायचे, "ह्यो माझा नाय, डॉक्टरकडे न्या." आणि नेईपर्यंत गप्प बसत नसत. कोणी शिकवलं होतं माहीत नाही. आयुष्यभर माणसं बघून कळलं असणार.

रात्रपाळींनी खाटेशी बसून टिपून ठेवण्याबद्दल लिहिलं ते वाचून घशात आवंढा आला. आजोबांना लिहिता येत नव्हतं.

---

काटेकोर
२१ मे, रात्री ११.१०

पाटाचं पाणी, मनापासून आभार. मूळ प्रश्नाचं उत्तर तुमच्या आजोबांच्या हातात होतं असं मला वाटतं.

पाय गरम असलेले म्हणजे विष अंगात भिनलेलं नाही असे. ते मंत्राने, चिंचोक्याने किंवा नुसतं थांबूनही बरे झाले असते. आजोबा ते निवडून घेत आणि बाकीचे पुढे पाठवत. त्यामुळे त्यांच्या हातून कोणी दगावलं नाही. गावाला वाटणार, मंत्र शंभर टक्के चालतो. यात आजोबांनी कोणाला फसवलं नाही, उलट ज्यांना धोका होता त्यांना त्यांनीच वाचवलं. सहाणताई, सासूबाईंच्या पन्नासांचं असंच काही असेल का? रागावू नका.

---

सहाण
२२ मे, सकाळी ६.१५

रागावले नाही. रात्रभर विचार केला.

पन्नासात एकही गेला नाही असं मी लिहिलं, ते सासूबाईंच्या तोंडून ऐकलेलं. माझ्या माहेरची गोष्ट लिहिली नव्हती. १९७९ साली माझा धाकटा मामा गेला. अकरा वर्षांचा. भाताच्या पेंढ्यात हात घातला होता. त्यालाही चिंचोका लावला होता. आई सांगायची, त्याचे पाय इतके गार झाले होते की तिने गोधडीत गुंडाळून छातीशी धरले. पहाटे तोंडाला फेस आला. 'त्याला उशिरा लावला' असं घरात सगळे म्हणत, आणि आम्हीही तेच धरून बसलो.

म्हणजे जे वाचले ते चिंचोक्याने, आणि जो गेला तो उशिराने. असं मोजलं तर कोणताही उपाय कधीच हरणार नाही. हे मला आज कळलं. आई असती तर तिला सांगितलं असतं की तुझ्या हातून काही राहिलं नव्हतं, तेव्हा औषधच नव्हतं.

---

निवडुंग
२२ मे, सकाळी ६.४०

ताई.

---

नांगीधर
२२ मे, दुपारी १.००

सहाणताई, लिहिलंत हे फार बरं केलंत.

उपयोगाची एक गोष्ट, कारण मृगाच्या आधीचे हे दिवस नेमके विंचवाचे. विंचू अतिनील प्रकाशात हिरवट-निळा चमकतो. नोटा तपासायला मिळते तशी जांभळ्या उजेडाची बॅटरी घ्या आणि अंधारात पडवी, गडगा, सरपण, चपला यांवरून फिरवा. लख्ख दिसतो. नुकती कात टाकलेला मात्र चमकत नाही, म्हणून चपला झटकायच्याच.

---

जांभ्याची वाट
२४ मे, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार कसे मानू. काल फोनवर आजीला पूर्ण धागा वाचून दाखवला. बावस्करांचं नाव तिने ऐकलेलं होतं, 'महाडचे विंचवाचे डॉक्टर' म्हणून. पाटाचं पाणी यांच्या आजोबांचं वाचलं तेव्हा ती म्हणाली, थांब, आणि मामाला फोन दिला.

मामा म्हणाला, त्या संध्याकाळी जीप आणायचं त्याला सुचलंच नव्हतं. ते म्हातारे गृहस्थ आले, त्यांनी भाच्याच्या पायाला हात लावला आणि मामाच्या कानाशी सांगितलं, "गाडी बघ, मी तोवर पोराला शांत ठेवतो." मी आत पाणी आणायला गेले होते, मला हे माहीतच नव्हतं. मी चार दिवस मंत्र विरुद्ध गोळी असं मांडत बसले होते.

आजी म्हणते, नारळ बरोबरच गेला. पण आता तिचा दुसरा प्रश्न आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना नारळ चालतो का? मामा सोमवारी तिकडे जाणार आहे.

---

रात्रपाळी
२४ मे, रात्री ११.५०

चालतो. आणि भाच्यालाही बरोबर न्या. पोर चालत परत आलेलं आम्हाला क्वचितच बघायला मिळतं.